खाणीतल्या माणसाला चंदनाचा हार

फ्रेमवाल्याला मी एकच गोष्ट सांगितली होती. काच बदल. जुनी काच तडकली होती, कोपऱ्यात कोळ्यानं बिऱ्हाड केलं होतं. ती काढ, नवी बसव, बाकी कशाला हात लावू नकोस. आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण आमच्या सोलापुरात कुणालाही एक काम सांगा, तो त्यात आपल्या मनाची आणखी दोन कामं घालून देतो, आणि वर आपण शाबासकी द्यावी म्हणून तोंडाकडे बघत उभा राहतो.

चित्र जुनं. हातानं रंगवलेलं नव्हे, छापलेलं. कुठल्याशा परदेशी पुस्तकातलं मधलं मोठं पान, त्यामुळे मधोमध घडीची रेघ. स्लेटच्या दगडाची खाण आहे ती. अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत आणलेला, प्रत्येक पायरीवर मुंग्यांएवढी माणसं. कुणी शिडीवर, कुणी कमरेला दोर बांधून कड्यावर लटकलेला, कुणी रुळांवरून दगडाची गाडी ढकलतोय. खाली एका बाजूला दोघं फतकल मारून बसलेत आणि रुंद छिन्नीनं दगडाचे पापुद्रे सोडवतायत. त्याच पापुद्र्यांनी तिकडे घरं शाकारतात आणि त्यांच्याच शाळेतल्या पाट्या होतात. शेजारी एक कुत्रं झोपलंय. आणि अगदी पुढे, वीतभर उंच, एक माणूस उभा आहे. खांद्यावर पहार, एक हात कमरेवर, डोक्यावर गोल टोपी, झुबकेदार मिशा. सगळी खाण कामात आहे आणि हा एकटा बघणाऱ्याकडे बघतोय, जणू आपणच त्याचा खोळंबा केलाय.

लग्न नवं असताना मी मंगळवार बाजारात बांगड्या भरायला म्हणून गेले आणि खाण घेऊन घरी आले. तेव्हा जोडी होती. दुसरं चित्र साध्या दगडाच्या खाणीचं, बैलांनी ओढायच्या भल्याथोरल्या गाड्यांचं. ते पुढे वाळवीनं खाल्लं. म्हणून हे राहिलेलं एक मी जपते, इतकंच.

आणलं तेव्हा मात्र मी नुसती जपत नव्हते. शाळेत असताना चित्रकलेची परीक्षा पास झाले होते, त्या भांडवलावर मी सासरी भाषणं द्यायची. कुणी पाहुणा आला, त्यानं चपला काढल्या, की मी पदर सावरत चित्राजवळ हजर. "हे तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरून छापतात. ही सावली बघा, ही सावली नाही, रेघांवर रेघा आहेत." पाहुणा बिचारा पाण्याच्या पेल्याची वाट बघतोय आणि मी त्याला रेघा दाखवतेय! आमची फरशीची वखार होती. शहाबादी फरशी वॅगन भरून यायची, सासऱ्यांचा जन्म दगडात गेलेला. आणि त्यांना मी, कालची पोर, समजावून सांगायची की दगडाचे थर कसे सुटतात. ते मान हलवायचे. बहुधा त्यांना झोप येत असावी.

सासऱ्यांनाही ते चित्र आवडायचं, पण त्यांच्या पद्धतीनं. गिऱ्हाईक घरी आलं की चित्राकडे बोट करून म्हणायचे, "ही आमची खाण." झालं! मी दाराआडून लगेच, "मामंजी, ही आपली नाही, परदेशातली आहे. खाली लिहिलंय." ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "सूनबाई शिकलेली हाय," आणि पुन्हा, "तर ही आमची खाण." दरवेळी ते तेच म्हणायचे आणि दरवेळी मी तेच दुरुस्त करायची. ती मुलगी आज माझ्यासमोर आली ना, तर आधी तिच्या तोंडात शेंगापोळीचा मोठा घास कोंबीन, म्हणजे घटकाभर तरी घरात शांतता नांदेल.

असो. गेल्या महिन्यात आमच्या पुढच्या खोलीचं काम निघालं. जन्मभर फरशी विकलेल्या घरातली फरशी उखडून मुलानं चकचकीत टाइल्स घातल्या. पाय ठेवला की सरकतो आणि खाली बघितलं की स्वतःचं तोंड दिसतं. या वयात दोन्ही नकोत. त्यावर मी काही बोलले नाही. बोलले, पण कुणी ऐकलं नाही. खोली झाल्यावर छोटीशी पूजा ठेवली आणि दुधनीहून आमच्या वन्संना बोलावलं. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. घराणं मूळचं कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचं, त्यांचं सासरही तिथलंच, आणि आता घराण्यात सगळ्यांत मोठ्या त्याच. त्या म्हणतील ते कायदा.

पूजेच्या दिवशी सकाळी सून फ्रेमवाल्याकडून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पार्सल घेऊन आली. मी कागद सोडला.

खाण नव्हती.

पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्याला मधोमध अंड्यासारखं लंबगोल भोक पाडलेलं, त्यातून फक्त तो पहारवाला, टोपीपासून कमरेपर्यंत. बाकी शिड्या नाहीत, दोर नाही, कुत्रं नाही. भोवती सोनेरी पट्टी. आणि त्या सगळ्यावर चंदनाच्या सालीचा हार! दिवंगत माणसाच्या फोटोला घालतात तो.

फोन लावला. म्हटलं, "अरे, हे काय केलंस?"

"आवडलं ना आजी? मागं नुसता कचरा होता, शिड्या-बिड्या. म्हटलं, आजोबा उठून दिसावेत."

"कुणाचे आजोबा? चित्र कापलंस का तू?"

"फिटिंग एकदम परफेक्ट बसवलंय."

"कापलंस का ते सांग!"

"हार माझ्यातर्फे हाय आजी. जुनं गिऱ्हाईक तुमी."

"बाबा, हो की नाही एवढंच सांग."

"दुकानात गर्दी हाय, नंतर करतो," आणि फोन ठेवला. नंतर किती वेळा लावला, उचलेचना.

पुठ्ठ्याखाली खाण शाबूत आहे की त्याच्या दुकानातल्या केराच्या टोपलीत, हे कळायला एकच मार्ग होता: फ्रेम मागून उघडायची. मी सुनेला पकड आणायला सांगितलं. ती पकड शोधतेय तोवर दारात रिक्षा थांबली आणि वन्सं आत आल्या. हातातली पिशवी खाली ठेवायची विसरून त्या फ्रेमकडे बघत उभ्या राहिल्या. मग पिशवी आपोआप सुटली.

"नम्म अज्जा," त्या म्हणाल्या. आमचे आजोबा!

मला वाटलं, गंमत करतायत. पण वन्संनी आजवर गंमत केलेली मला आठवत नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हे आजोबा म्हणजे सासऱ्यांचे वडील. खाणीवर दगड फोडत होते, मग बैलगाडीनं फरशी वाहायला लागले, त्यातून पुढे वखार उभी राहिली. त्यांचा फोटो कधी निघालाच नाही. त्यांना पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, ते म्हणजे वन्सं, आणि त्याही तेव्हा त्यांच्या मांडीवर मावण्याएवढ्या.

"वन्सं," मी शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हटलं, "हे आपले आजोबा नाहीत. ते माझं खाणीचं चित्र आहे ना, त्यातला माणूस आहे हा. फ्रेमवाल्यानं घोटाळा केलाय."

"गप बस वैनी. माज्या अज्जाला मी वळकत न्हाय व्हय? मिशी बघ की. मांडीवर बसलं की टोचायची."

"मिशी काय, कुणालाही असते."

"हात बघ. कमरंवर. असाच हुबा ऱ्हायचा, बैल नीट चालंना की."

"टोपी बघा ना, वन्सं! साहेबाची टोपी आहे. आपले आजोबा पटका बांधायचे."

"फोटो काढायला साहेबानं दिली असंल घालाया."

मी ह्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या चित्राखालच्या खुर्चीत बसून ह्यांनी पेपर वाचलाय. म्हटलं, "अहो, सांगा ना तुम्ही."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अक्का म्हणतीये तर असंल," म्हणाले.

"असेल? अहो, कुत्रं होतं शेजारी! तुम्हीच त्याला नाव ठेवलं होतं!"

"कुत्रं दिसत न्हाय आता," ह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

वन्संनी तोवर हळदीकुंकू मागवून घेतलं होतं. कुणीतरी थांबवावं म्हणून मी सुनेकडे बघितलं, तर ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी! काचेवर कुंकू लागलं, फूल वाहिलं गेलं, नारळ फुटला. त्या परदेशी माणसाचा चेहरा होता तसाच, कुणीतरी खोळंबा केल्यासारखा. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्याबद्दल सहानुभूती वाटली.

नैवेद्य दाखवल्यावर वन्सं पाटावर बसल्या आणि हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, वाढून घेताघेता म्हणाल्या, "संध्याकाळच्या गाडीनं घिऊन जाते अज्जाला. ह्या वर्षी वाडवडलांच्या पूजेला मांडायचा."

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. "घेऊन जाता? म्हणजे हीच फ्रेम?"

"मग? हितं तुमाला कुटं त्येची किंमत हाय? तूच म्हणतीस की, आपला न्हाय म्हणून."

बोला आता! मी खरं बोलले आणि त्याच खऱ्यापायी माझं चित्र चाललं दुधनीला. कापलंय की शाबूत आहे हेसुद्धा न बघता. "फ्रेम जरा उघडून बघते," म्हटलं तर वन्संनी डोळे वटारले. कुंकू लागलेला, नैवेद्य दाखवलेला फोटो त्याच दिवशी पकडीनं उचकटायचा? कुठल्या घरात करतात असं?

जेवण झालं. हुग्गी जड असते, आणि मी वन्संना ती दोनदा वाढली होती, हे उगाच नाही. त्या आतल्या खोलीत कलंडल्या. घोरण्याचा आवाज आला तशी मी फ्रेम काढली, स्वयंपाकघरात नेली, ओट्यावर टॉवेल अंथरून पालथी घातली. सुनेला पकड दिली. ह्यांना दारात उभं केलं आणि सांगितलं, "अक्का उठल्या तर खोका." ह्यांना एरवी दिवसभर खोकला असतो.

सून एकेक चूक काढत होती. आमच्याकडे फ्रेमवाले पाठीमागे बारीक खिळे मारतात त्यांना चुका म्हणतात. या वेळी नाव अगदी बरोबर वाटलं. चुका निघाल्या, पाठीचा पुठ्ठा उचलला. आत कागदाच्या घड्या दिसल्या. एक घडी उलगडली. शिडी. दुसरी उलगडली. दोरावरचा माणूस, रुळावरची गाडी. खालची उलगडली. छिन्नीवाले दोघं आणि झोपलेलं कुत्रं. फ्रेमवाल्यानं कापलं नव्हतं. आळसानं म्हणा, देवाच्या कृपेनं म्हणा, चारी बाजू नुसत्या मागे दुमडून टाकल्या होत्या. नव्या घड्या पडल्या होत्या, पण खाण सगळीच्या सगळी होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले. सून म्हणाली, "आई, पाणी देऊ का?"

"मला दी," मागून आवाज आला.

दारात वन्सं. त्यांच्या शेजारी आमचे हे, एकदाही न खोकलेले.

मनात म्हटलं, बरंच झालं. आता पुरावाच ओट्यावर पडलाय. "या वन्सं, बघा," मी म्हटलं, "हे अख्खं चित्र. बघा डोळ्यांनी."

पाणी पिऊन वन्संनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या कागदावर वाकल्या. बोट कागदाला न लावता वरच्या वर फिरवत त्या पायरीपायरीनं खाली आल्या. दोरावर लटकलेल्या माणसाशी थांबल्या, "आई गं" म्हणाल्या. छिन्नीवाल्यांशी थांबल्या. मग पहारवाल्याशी.

"मी सांगत नव्हते?" त्या म्हणाल्या. "खाणीतच हाय की अज्जा!"

"अहो वन्सं..."

"अण्णा आमचं कायम सांगायचं, ही आपली खाण, ही आपली खाण म्हणून. चित्र हितंच टांगलं हुतं की भित्तीला. मी माहेरपणाला आले की बगायची, पण एवड्या गर्दीत अज्जा कुटं दिसणार? त्या फ्रेमवाल्याला बराबर दिसला बघ."

सासऱ्यांना मी जितक्या वेळा दुरुस्त केलं होतं तितक्या वेळा ती जुनी मुलगी माझ्या डोळ्यांपुढून पदर सावरत गेली. काही उपयोग झाला नव्हता तेव्हाही. तरी सवय जात नाही. म्हटलं, "वन्सं, खाली इंग्रजीत लिहिलंय. परदेशातली खाण आहे."

"साहेबानं काढलं तर साहेब काय कानडीत लिवणार?"

सून तोंड फिरवून नळाखाली भांडं धरून उभी राहिली, त्यात भांडं आधीच भरलेलं. तिच्या खांद्यांवरून कळत होतं ती हसतेय.

मी अजून बोलणार होते. टोपीचं, बुटांचं, आता तर बूटही दिसत होते, चांगले लेसवाले. पण वन्संच पुढे बोलल्या, जरा हळू. "वैनी, दरवर्षी पाटावर अज्जाचा पटका घडी करून ठेवते आन् नमस्कार करते. पोरं इचारत्यात, हे कोण? मी म्हणते, पणजोबा. पोरं पटक्याकडं बगत्यात. पटक्याला काय तोंड असतंय का सांग."

मी बुटांचं काही बोलले नाही. चित्र मात्र हातात घट्ट धरून ठेवलं.

तोड सुनेनं काढली. ती म्हणाली, "आत्या, मी मोबाइलवर ह्याचा फोटो घेते आणि तुम्हाला आजोबांचा मोठ्ठा करून आणते. हा केवढासा आहे, पूजेत लांबून दिसणार पण नाही."

"मोठ्ठा म्हंजे केवडा?"

सुनेनं दोन्ही हात पसरले. वन्संचा विचार बदलताना मी पहिल्यांदाच बघितला. "मग चालंल," त्या म्हणाल्या. "पर एक कर. त्या फ्रेमवाल्याला सांग, टोपी काढून पटका घाल."

मला वाटलं, फ्रेमवाला निदान एवढ्यावर तरी अडेल. अहो, कसला अडतोय! मेलेल्या माणसांना कॉम्प्युटरवर कोट चढवणं हा त्याचा रोजचा धंदा. साध्या सदऱ्यात गेलेले कितीतरी लोक त्याच्या दुकानातून टाय लावून बाहेर पडलेत. सून त्याच्या दुकानात जाऊन बसली आणि त्यानं संध्याकाळच्या आत टोपी काढली, पटका घातला, पहार काढून टाकली, गळ्यात उपरणं दिलं, आणि माझं काही ऐकण्याआधी फोटो वन्संच्या रिक्षात ठेवलासुद्धा. वन्सं अज्जाला मांडीवर घेऊन बसल्या. आता टोचण्याचा प्रश्न नव्हता, वर काच होती.

रिक्षा हलायच्या आधी मी एकदा बघून घेतलं. आणि सांगते, मला राग आला. कारण पटका बांधल्यावर तो माणूस हुबेहूब आमच्या सासऱ्यांसारखा दिसत होता; मी गिऱ्हाइकासमोर त्यांना दुरुस्त केल्यावर ते ज्या नजरेनं माझ्याकडे बघायचे, अगदी ती नजर.

चित्र आता पुन्हा पुढच्या खोलीत आहे, घड्यांसकट, सगळ्या शिड्यांसकट. या वेळी मी फ्रेमवाल्याच्या दुकानात त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि काच बसवून घेतली. चंदनाचा हार मात्र काढता येत नाही. वन्संनी सुनेला बजावून ठेवलंय, आणि त्या आल्या की आधी तेच बघतात. त्यामुळे एका अख्ख्या डोंगराला, कुत्र्यासकट, हार घातलेला आहे. तो झटकणं, त्यावरची धूळ काढणं, हे माझ्याकडे.

परवा दुधनीकडचे एक पाहुणे आले. नव्या टाइल्सवरून जपून चालत थेट चित्रापाशी गेले, चष्मा वर करून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "अक्कांच्या घरी मोठ्ठा फोटो हाय तो ह्यांचाच की! पर हितं टोपी कशी?"

आमच्या ह्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं. सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. तांब्याचा पत्रा, सुई, रेघांवर रेघा, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"तरुणपणी घालायचे," मी म्हटलं. "बसा. पाणी आणते."